हात कुठे आहे?

डब म्हणजे तयार गाणं मिक्सरवर मोडून नव्याने घडवण्याचा जमैकातला प्रकार. आधी डिले (आवाजाची उशिरा येणारी नक्कल) की आधी रिव्हर्ब (खोलीसारखी घूम), यावर डब करणारी माणसं रात्रभर वाद घालू शकतात. मीही घातलेत, तावातावाने. पण या वादाचं उत्तर ऐकायला जरा विचित्र आहे. दोन्ही इफेक्ट स्वच्छ, म्हणजे आवाज न मळवणारे असतील आणि लावून झाल्यावर त्यांना कुणी हात लावणार नसेल, तर कोणताही आधी ठेवा, आवाज तोच येतो. जवळपास तोच असं म्हणत नाहीये मी. अगदी तोच.

पटत नसेल तर कंप्यूटरवर करून बघा. स्नेअर ड्रमचा एक फटका घ्या. एका ट्रॅकवर साधा डिजिटल डिले आणि त्यापुढे रिव्हर्ब, दुसऱ्या ट्रॅकवर हेच उलट क्रमाने, आकडे सगळे सारखे. रिव्हर्ब आतल्या आत हलणारा नको. एखाद्या खऱ्या खोलीच्या ठशावरून चालणारा कन्व्होल्यूशन रिव्हर्ब घेतलात तर उत्तम. आता एका ट्रॅकची फेज उलटी करा आणि दोन्ही ट्रॅक एकदम वाजवा. काहीही ऐकू येणार नाही. डिले म्हणजे फटक्याच्या मोजक्या नकला, रिव्हर्ब म्हणजे त्याच फटक्याच्या हजारो बारीक नकला, आणि नकलांच्या नकला कोणत्याही बाजूने काढल्या तरी हिशेब तोच लागतो. दोन त्रिक सहा, तीन दुणे सहा.

मग डबमध्ये क्रमाचं एवढं का? तर वरच्या दोन्ही अटी डबमध्ये कधीच पाळल्या जात नाहीत म्हणून. तिथले इफेक्ट स्वच्छ नसतात, आणि कुणाचा तरी हात सतत त्यांच्यावर असतो. इंटरनेटवर 'परफेक्ट डब चेन' म्हणून जी चित्रं फिरतात, चौकोन आणि बाण, त्यांत सगळं असतं, फक्त हा हात नसतो. म्हणून ती चित्रं बघून मी काही शिकलो असं मला वाटत नाही.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. जमैकात साउंड सिस्टिम म्हणजे मोकळ्या अंगणात नाहीतर रस्त्यावर उभी केलेली स्पीकरची भिंत. आपल्याकडे इंदूरात रंगपंचमीच्या गेरेत, म्हणजे मिरवणुकीत, राजवाड्यासमोरून ट्रक जातात, तशी छाती हलवणारी व्यवस्था. १९६० च्या दशकाच्या अखेरीला तिथे गाण्याची गायक वगळलेली प्रत वाजवायची टूम निघाली. तबकडीच्या मागच्या बाजूला ही 'व्हर्शन' असायची आणि तिच्यावर कुणीतरी माइक घेऊन बोलत सुटायचं. त्या रिकाम्या झालेल्या जागेत किती काय करता येईल हे ज्यांनी ओळखलं त्यांत किंग टबीचं नाव पहिलं. खरं नाव ऑसबोर्न रडॉक, जन्म १९४१ चा. हा गायक नाही आणि वादकही नाही. रेडिओ दुरुस्त करणारा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा माणूस. किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागात आईच्या घरातच त्याचा स्टुडिओ होता. बँड बसवायला जागाच नव्हती. दुसरीकडे रेकॉर्ड झालेल्या चार ट्रॅकच्या टेपा यायच्या आणि इथे त्यांचं भलतंच काहीतरी होऊन बाहेर पडायचं. गाणाऱ्याचा आवाज घ्यायचाच झाला तर न्हाणीघर होतं.

चार ट्रॅक म्हणजे चार फेडर, आवाज लहान-मोठा करायच्या चार सरकपट्ट्या. एकावर ड्रम, एकावर बास, एकावर गिटार-कीबोर्ड वगैरे मंडळी, एकावर गाणं, अशी साधारण वाटणी. त्याच्या मिक्सरवर एक मोठं बटण होतं, त्याला 'बिग नॉब' म्हणतात. तो हाय-पास, म्हणजे खालचे सूर अडवणारा फिल्टर, ७० हर्ट्झपासून साडेसात हजार हर्ट्झपर्यंत पायरीपायरीने चढणारा. तो फिरवत गेलं की आधी बास जातो, मग स्नेअरचा भरीवपणा जातो, शेवटी हाय-हॅटची नुसती सळसळ उरते. याखेरीज टेपचा डिले आणि स्प्रिंगचा रिव्हर्ब. एवढीच सामग्री. आणि मिक्स एका दमात, टेप चालू असताना, हातांनी. चुकलं तर पहिल्यापासून.

माझ्या कंप्यूटरमध्ये आज जे प्लगइन पडून आहेत त्यांच्या तुलनेत ही सामग्री हास्यास्पद आहे. पण चार फेडर आणि एक बटण दोन हातांत मावतं. चाळीस ट्रॅक मावत नाहीत.

मी राहतो राजेंद्रनगरला. गच्चीलगतच्या खोलीत एक बारा चॅनलचा जुना मिक्सर आहे, एका ऑर्केस्ट्रावाल्याने धंदा गुंडाळताना विकलेला. फेडरखालच्या पट्टीवर त्याच्या मार्करची अक्षरं अजून आहेत: 'ढोलक', 'कोंगो', 'लेडीज', आणि अकराव्या चॅनलवर 'इको'. आमच्याकडच्या ऑर्केस्ट्रात इको ही प्रतिष्ठेची बाब असायची. गायक स्टेजवर चढला की नमस्कार नंतर, आधी मागे वळून 'भिया, इको थोड़ा बढ़ाना'. मग तो इको वाढायचा आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिथेच राहायचा. गाणं कोणतंही असो, भजन असो की कॅबरे. यंत्र म्हणाल तर जमैकातल्यासारखंच. टेप फिरायची, नकला निघायच्या. पण एकदा लावलं की त्याच्याकडे कुणी ढुंकून बघायचं नाही, आणि त्यामुळे ते कुठे जोडलंय याने कुणाला काही फरक पडायचा नाही.

त्याच अकराव्या चॅनलवर मी माझा डिले आणतो. कसा, ते सविस्तर सांगतो, कारण सगळी गोष्ट इथेच आहे.

स्नेअरच्या चॅनलवरून ऑक्स १, म्हणजे आवाजाचा एक वाटा बाहेर पाठवायची वाट, बाहेर पडतो. तो आधी हाय-पास फिल्टरमध्ये जातो, तिथून डिलेच्या पेडलमध्ये. पेडल टेपची नक्कल करणारं आहे, म्हणजे जोरात आवाज घातला की तो थोडा चेपला जातो आणि मळतो. पेडलवरचा फीडबॅक, म्हणजे नक्कल परत आत घालायची सोय, मी शून्यावर ठेवतो. त्याने एकदाच उत्तर द्यायचं आणि गप्प बसायचं. ते उत्तर मिक्सरच्या ऑक्स रिटर्नमध्ये न घालता अकराव्या चॅनलवर आणायचं, म्हणजे त्याला स्वतःचा फेडर मिळतो, इक्यू मिळतो, आणि मुख्य म्हणजे स्वतःचा ऑक्स १ मिळतो. तो ऑक्स किंचित उघडला की बाहेर आलेली नक्कल परत फिल्टरकडे निघते. वर्तुळ पूर्ण.

ठेका ७२ च्या लयीत, म्हणजे मिनिटाला ७२ मात्रांचा आहे असं धरा. चौथाई नोट, म्हणजे एक मात्रा, ८३३ मिलिसेकंदांची, आणि डिले ठेवायचा त्याच्या पाऊणपट, ६२५ वर. डावा हात स्नेअरच्या ऑक्सवर. फटका यायच्या ऐन आधी उघडायचा, फटका गेला की बंद. उशीर झाला तर मागचा हाय-हॅटही आत शिरतो आणि मग तोही चार वेळा ऐकावा लागतो. पहिली नक्कल ठेक्यावर न पडता थोडी अलीकडे पडते, दुसरी वेगळ्याच ठिकाणी, तिसरी आणखी कुठे. चौथी नक्कल बरोबर मात्रेवर येऊन बसते. उजवा हात अकराव्याच्या ऑक्सवर. ते बटण घड्याळातल्या नऊच्या जागी असेल तर फेरीगणिक सगळं विरत जातं. प्रत्येक फेरीत आवाज निम्मा झाला म्हणजे ६ डेसिबल कमी, दहा फेऱ्यांत ६०, म्हणजे संपलंच. बटण बाराच्या जागी आलं की जितकं जातंय तितकंच परत येतं आणि नक्कल मरायचं नावच घेत नाही. बाराच्या पुढे जरा सरकवलंत की प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा मोठी. पहिल्या दोन फेऱ्या काही जाणवत नाही. मग स्नेअरचा स्नेअरपणा जातो, एक जाड शिट्टी तयार होते, ती पेडलच्या मळात चेपली जाते आणि खोली भरून टाकते. खालून आई पंखा बंद करून ऐकते की नेमकं काय झालं. या क्षणी उजवा हात मागे आणायचा, हळू, म्हणजे शिट्टी खाली उतरते आणि तिच्यातून पुन्हा फटक्यासारखं काहीतरी उलगडतं. डब ऐकताना जे 'अंगावर येतं' म्हणतात ते बहुतेक वेळा एवढंच असतं: एका बटणाचा बाराच्या अलीकडचा-पलीकडचा प्रवास.

आता क्रमाकडे. वरच्या मांडणीत फिल्टर वर्तुळाच्या आत आहे. म्हणून तो प्रत्येक फेरीत पुन्हा लागतो. साधा, सप्तकाला ६ डेसिबल उताराचा फिल्टर ३०० हर्ट्झवर लावला, तर १५० हर्ट्झचा आवाज पहिल्या फेरीत साधारण ७ डेसिबलने कमी होतो, चौथ्या फेरीत तोच आकडा २८ वर जातो. पहिली नक्कल जवळजवळ मुळासारखी, चौथी पत्र्याची. हाच फिल्टर वर्तुळाबाहेर, अकराव्या चॅनलच्या पुढे लावला, तर सगळ्या नकला सारख्याच पातळ, पहिलीपासून शेवटपर्यंत, आणि त्यांचा आपसातला फरक फक्त मोठ्या-लहानाचा. बाहेरचा फिल्टर फिरवला की सगळ्या नकला एकदम बदलतात. आतला फिरवला की फक्त यापुढच्या फेऱ्या बदलतात. जे होऊन गेलं त्यावर त्याचा अधिकार नाही. एकच बटण, पण जागा बदलली की त्याचं कामच बदलतं.

याचा एक व्यवहारी फायदाही आहे. जुन्या वायरिंगच्या घरात अर्थिंगची बोंब असते आणि मिक्सरमध्ये ५० हर्ट्झची घुमी येते. वर्तुळाचं बटण बाराजवळ असताना ती घुमीही फेऱ्या मारत फुगते. फिल्टर आत असेल तर ती आपोआप मरते. (जमैकातली वीज ११० व्होल्टची, पण ५० हर्ट्झचीच. म्हणजे टबीच्या खोलीतली घुमी आणि राजेंद्रनगरची घुमी एकाच स्वरातली. याचा कुणाला काही उपयोग नाही, पण मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.)

माझे मामा रामबागेत तबला शिकवतात. वय झालं, पण संध्याकाळच्या शिकवण्या चालू आहेत. त्यांना वन ड्रॉप हा रेगेचा ठेका पहिल्यांदा ऐकवला, ज्यात किक आणि स्नेअर दोन्ही तिसऱ्या मात्रेवर पडतात आणि पहिली मात्रा मोकळी सोडतात, तेव्हा ते बराच वेळ मांडीवर टाळी धरत बसले आणि म्हणाले, ''समेवर कुणीच नाही? मग ही माणसं भेटतात कुठे?'' पण उठून गेले नाहीत. ते मिक्सरच्या बाजूला खुर्ची ओढून बसले आणि माझे हात बघत राहिले. तबलजीला सवय असते तशी, कानांआधी हात बघायची.

थोड्या वेळाने म्हणाले, ''तू आत्ता दोनदा त्या ढोलाला गप्प केलंस. पहिल्यांदा त्याचं मागचं वाजत राहिलं. दुसऱ्यांदा सगळंच गेलं, कापल्यासारखं. बटण तर दोन्ही वेळेला सारखंच दाबलंस.''

''सारखं नाही मामा. पहिल्यांदा डिलेच्या आधीचं दाबलं, दुसऱ्यांदा डिलेच्या नंतरचं.''

''म्हणजे एकदा छेडणं थांबवलंस आणि एकदा तारेवर बोट ठेवलंस.''

इतकं नेमकं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. तंबोरा छेडायचं थांबवलं तरी आस रेंगाळते; तारेला बोट लावलं की आस तिथेच संपते. आवाज दोन्हींत थांबतो, पण ऐकणाऱ्याला अगदी वेगळ्या गोष्टी कळतात. पहिल्यात वादक निघून गेला असं वाटतं आणि जागा उरते, दुसऱ्यात जागाच गेली. आता सुरुवातीच्या त्या वादाकडे पुन्हा बघा. डिले आणि रिव्हर्ब यांच्यामध्ये एक हात ठेवा. डिले आधी, रिव्हर्ब नंतर: मधला हात बंद झाला की नकला थांबतात, पण शेवटची नक्कल ज्या खोलीत पडली ती खोली घुमत राहते. क्रम उलटा करा: मधला हात खोलीच कापतो, आणि मग कापलेल्या खोलीचे तुकडे डिलेमधून एकामागून एक पडत राहतात, कडा धारदार, मध्ये पोकळी. दोन त्रिक सहाचा हिशेब तिथे मोडतो. हात मध्ये आला म्हणून मोडतो.

तेव्हापासून नवीन काही जोडताना मी इफेक्टचा क्रम आधी ठरवतच नाही. माझे दोन हात या मिक्सच्या वेळी कुठे असणार आहेत ते ठरवतो आणि त्यांच्या आगेमागे बाकीचं लावतो.

सेंड, म्हणजे ऑक्सवर पाठवणं, प्री-फेडर (फेडरच्या आधी) की पोस्ट-फेडर (फेडरच्या नंतर) हाही त्यातलाच प्रकार. पोस्ट-फेडर असेल तर फेडर खाली आणला की नवीन काही पाठवलं जात नाही, गेलेलं तेवढं विरतं. प्री-फेडर ठेवला तर फेडर पूर्ण खाली असतानाही गायक रिव्हर्बमध्ये ऐकू येत राहतो, स्वतः मात्र नसतो. दुसऱ्या खोलीतून ऐकल्यासारखा. हे छान वाटतं आणि म्हणूनच लोक त्याचा अतिरेक करतात. माझ्या मते एका ट्रॅकमध्ये एकदा बस.

फेजरची, म्हणजे आवाजाचा रंग सतत बदलत ठेवणाऱ्या इफेक्टची, गोष्ट मात्र वेळ काढून ऐकण्यासारखी आहे. ली 'स्क्रॅच' पेरी या जमैकन निर्मात्याने १९७३ मध्ये किंग्स्टनमध्येच ब्लॅक आर्क नावाचा स्टुडिओ उभा केला. तोही चारच ट्रॅकचा, पण टबीच्या कोरड्या, स्पष्ट कडांच्या डबपुढे पेरीचं सगळं ओलसर, घोळलेलं, गिटार आणि हाय-हॅट पाण्याखाली हलताहेत असं. त्यात म्यु-ट्रॉनच्या बाय-फेज या फेजरचा मोठा वाटा होता. फेजर हळूहळू स्वतःच फिरत असतो, म्हणजे हात नसला तरी हाताचंच काम चालू. म्हणून त्याची जागा लगेच कानाला कळते. फेजर डिलेच्या आधी ठेवला तर फटका गेला त्या क्षणी फेजर जिथे होता तो रंग सगळ्या नकलांना लागतो. पाचही नकला एकाच रंगाच्या. डिलेनंतर ठेवला तर प्रत्येक नक्कल येईपर्यंत फेजर पुढे सरकलेला असतो, म्हणून प्रत्येकीचा रंग वेगळा. आणि वर्तुळाच्या आत ठेवला तर रंगावर रंग चढतो, तिसऱ्या-चौथ्या फेरीत मूळ वाद्य कोणतं होतं ते सांगता येत नाही. मला दुसरी जागा आवडते. तिसरी आवडते असं म्हणणारे भेटतात, पण त्यांचे ट्रॅक ऐकून झाल्यावर मला एकही सूर आठवत नाही.

मळवणाऱ्या गोष्टींचा, म्हणजे टेपचं चेपणं, ओव्हरड्राइव्ह वगैरेंचा नियम सोपा. त्यांना जे आधी मिळेल त्यावर त्या बिघडतात. बाससकट आवाज पाठवला तर बास सगळी जागा खातो आणि वरचा आवाज त्याच्या हेलकाव्याबरोबर गुदमरतो. नंतर फिल्टरने बास काढला तरी तो गुदमरलेपणा राहतोच. म्हणून मी फिल्टर आधी लावतो. कुणाला तो गुदमरलेला आवाजच हवा असेल तर उलटं करावं, त्यात पाप नाही.

स्प्रिंग रिव्हर्ब ही माझी दुखरी जागा. लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवर आवाज उशिरा पोचतो, त्याची नक्कल करायला बेल लॅब्जने स्प्रिंगा वापरल्या, आणि पुढे हॅमंड ऑर्गनवाल्यांनी त्या संगीतात आणल्या. स्प्रिंगमधून सगळ्या उंचीचे आवाज एकाच वेगाने जात नाहीत. फटक्यातले निरनिराळे सूर मागेपुढे पोचतात, म्हणून स्नेअर आत शिरला की 'टिऊं' असा ओघळ येतो. माझी स्प्रिंगची पेटी एका बंद पडलेल्या गिटार ॲम्प्लिफायरमधून काढलेली आहे. टेबलावर कोपर जोरात टेकलं तरी ढगांचा गडगडाट होतो. (टबी हे मुद्दाम करायचा, पेटीवर हात मारून.) तिला बास सहन होत नाही, नुसती खळखळते, म्हणून तिच्या आधी फिल्टर हवाच. पण तिला वर्तुळात घ्यायची की नाही? आत घेतली तर दुसऱ्या फेरीपासून कडा जातात, चौथ्या फेरीत वाफ. बाहेर ठेवली आणि अकराव्या चॅनलवरून तिला वेगळ्या ऑक्सने थोडंसं पाजलं, तर नकलांच्या कडा शाबूत राहतात आणि मागे भिंत उभी राहते. मी बाहेर ठेवतो. फक्त ट्रॅकच्या शेवटी, सगळं विझवायचं असतं तेव्हा, एका केबलने तिला आत ओढतो आणि बाकी फेडर सोडून देतो.

स्टिरिओबद्दल फार बोलत नाही. बास आणि किक मधोमध, नकला हव्या तिकडे. झालं.

हे सगळं खोलीतलं. मागे गणेशोत्सवात आमच्या भागातल्या एका मंडळाच्या साउंडवाल्याने दुपारच्या टेस्टिंगला मला दहा मिनिटं दिली. मैदान रिकामं, समोर दोन्ही बाजूंना बॉक्सच्या उतरंडी. मी मिक्सर जोडला आणि तोच ७२ लयीचा ठेका लावला. बास मांडीत ऐकू येत होता, ते सुख वेगळंच. पण स्नेअरची नक्कल सोडली तर प्रत्येक नकलेच्या जरा आधी कुणीतरी आगाऊपणे तीच नक्कल करत होतं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला तीन मजली इमारत, पावलांनी मोजलं तर शंभरेक मीटरवर. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. जाऊन येऊन दोनशे मीटर, म्हणजे ५८० मिलिसेकंद. माझा डिले ६२५ चा. इमारतीचा डिले माझ्यापेक्षा ४५ मिलिसेकंदांनी लवकर, आणि तिला माझ्यासारखं हातांत घेता येत नव्हतं. ती साखळीत सगळ्यात शेवटी बसली होती, माझ्या सगळ्या बटणांच्या पलीकडे.

साउंडवाला गुटख्याची पुडी फाडत म्हणाला, ''बक्से थोड़े तिरछे कर दूँ भिया?'' त्याने बॉक्स आत वळवले आणि अर्धी भांडणं मिटली. उरलेल्यासाठी मी डिले ८३३ वर नेला, थेट मात्रेवर, म्हणजे इमारतीला मधल्या जागेत बोलू दिलं. आणि स्प्रिंग? स्प्रिंग गायबच झाली. खोलीत इतका जीव टाकून बारीक लावलेली ती ओलसर भिंत रस्त्यावरच्या वाहतुकीखाली बुडाली. जुन्या डबमध्ये स्प्रिंग एवढ्या राक्षसी मोठ्या का असतात, स्नेअर एकदम आदळून 'टिऊं' का करतो, हे मला त्या दुपारी पटलं. ती मिक्स उघड्या अंगणासाठी केलेली होती. हेडफोनवर ती भडक वाटतात, तो दोष हेडफोनचा.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण इंदूरात असं काही लिहिलं की कुणीतरी ती म्हणणारच. 'हे तर आपल्याकडे आधीपासून आहे, अमीर खाँसाहेबांचा विलंबित ऐका.' ऐकतो ना. ख्याल गायक अमीर खाँ (१९१२–१९७४) आमच्या गावाचे, आणि झुमऱ्याच्या चौदा मात्रांत ते दोन सुरांमध्ये जेवढी जागा सोडतात तेवढी सोडायची हिंमत फार थोड्यांत असते. ठेका चालू ठेवून बाकी सगळं काढून घेणं ऐकायला माझा कान तिथेच तयार झाला असेल. पण जमैकातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने जे केलं ते त्याचं आहे. त्यात आपला वाटा शोधत बसायची गरज नाही.

मामांना हे म्हणणं पटतं, पण त्यांचं लक्ष आता वेगळीकडे आहे. सध्या त्यांच्याच तबल्यावर एक डब चालू आहे. दायाँ एका माइकवर, डग्गा दुसऱ्या. चाटेवरचा 'ना' ६२५ मध्ये सोडला की फार देखणा दिसतो; त्याची आसही लहान, त्यामुळे नकला एकमेकींवर चढत नाहीत. अडचण डग्ग्याची. मामांनी मनगट सरकवून मींड काढली आणि ती वर्तुळात गेली, की तीन मींडा एकमेकींत गुंततात आणि लय कुठे आहे ते कळेनासं होतं. ''डग्ग्याला कशाला पाठवतोस तिकडे?'' मामा म्हणाले. ''तो घरीच बरा.'' बासला डिलेत पाठवू नये हा नियम डबवाल्यांचाही आहे, पण मला ती मींड सोडवत नव्हती. मी डग्ग्याच्या सेंडवर तीव्र उताराचा, २४ डेसिबलचा फिल्टर २५० हर्ट्झवर लावला. आता पोट घरी राहतं आणि मींडेचा फक्त वरचा, घासल्यासारखा आवाज फिरून येतो. मामांनी तो डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, हे माझं वाजवणं नाही, कुणीतरी दुसराच तबलजी आहे, पण लयीला पक्का आहे.

रविवारी ते स्वतः ऑक्सवर बसणार आहेत. डग्गा कधी सोडायचा, कधी छेडणं थांबवायचं, कधी तारेवर बोट ठेवायचं, ते त्यांचं ते ठरवतील. माझ्यापेक्षा बरंच करतील. अकराव्या चॅनलचं बटण तेवढं मी माझ्या हातात ठेवणार आहे. बाराच्या पुढे काय होतं ते मी त्यांना अजून दाखवलेलं नाही, आणि खाली आई दुपारची झोपलेली असते.